केशरी बाहेर, हिरवा आत

ढोकाळीकडून कोलशेतला जाताना एका सोसायटीची लांबच लांब कुंपणभिंत लागते. मागच्या हिवाळ्यात तिला पुट्टी भरली, वर प्रायमर मारला, मग फिकट निळ्याचे दोन हात दिले आणि आठवड्याभरात त्या निळ्यात विमानं दिसू लागली. नऊ विमानं, लाल-पांढरी, हिऱ्याच्या आकारात. हवाई दलाचं केंद्र जवळ, सव्वीस जानेवारी तोंडावर, त्यामुळे सोसायटीला हवाई दलाचा कसरती करणारा संघ, सूर्यकिरण, सुचला असावा. माझी रिक्षा रोज सकाळी तिथेच अडकते. एरवी त्या दहा मिनिटांत मी मोबाइल बघते. त्या दिवसांत भिंत बघत होते. आज नाकं झाली, आज शेपट्या झाल्या, आज काचेची छतं काळी झाली. मग एका सकाळी पंखांवर हवाई दलाच्या खुणेचे गोल आले. चार लिटरच्या डब्याचं झाकण, एक लिटरच्या डब्याचं झाकण आणि चहाच्या ग्लासाचा तळ, अशी तीन मापं पेंटरने वापरली होती हे मला नंतर कळलं. गोल अगदी सुबक होते. पण बाहेरचं कडं हिरवं होतं, मध्ये पांढरं आणि आत केशरी ठिपका. मी रिक्षा सोडली आणि भिंतीपाशी गेले.

"काका, उलटं झालंय हे. केशरी बाहेर असतो, हिरवा आत."

शिडीच्या घोड्यावर आडवी फळी टाकून तो वर बसला होता. साठीचा माणूस, डोक्याला रुमाल, दाढीवर निळे शिंतोडे. त्याने आधी गोलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "लांबून काय कळतंय हो ताई?" आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. खरंच विचारत होता.

"कळतं," मी म्हणाले आणि ऑफिसला निघून गेले.

संध्याकाळी परत येताना रिक्षातून पाहिलं, तर केशरी बाहेर गेला होता, हिरवा आत आला होता. नऊ विमानं, प्रत्येकाला दोन पंख, म्हणजे अठरा गोल. आधी समाधान वाटलं. मग ते हळूहळू ओसरत गेलं. त्या माणसाची अख्खी दुपार मी एका वाक्यात खर्ची घातली होती. त्याला मजुरी फुटावर होती की दिवसावर, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं. आणि त्याहून जास्त टोचत होता तो एक शब्द, जो मी इतक्या खात्रीने टाकून आले होते.

कारण लांबून कळत नाही. हे मला चांगलं माहीत होतं.

१४ जानेवारी २०२४ ची गोष्ट. रविवार होता आणि भोगी होती. सकाळी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी पोटात घालून मी आणि माझा धाकटा भाऊ ठाण्याहून फास्ट लोकलने निघालो ते थेट मरीन ड्राइव्हवर. दुपारी बारा ते एक हवाई दलाची प्रात्यक्षिकं होती. कठड्यावर जागा मिळणं शक्यच नव्हतं. लोक दुभाजकावर उभे होते, पोरं बापांच्या खांद्यांवर होती, एक आजी काळ्या साडीत घडीच्या खुर्चीवर बसून समुद्राकडे बघत होत्या. हवाई दलाच्या सारंग संघाची हेलिकॉप्टरं आली तेव्हा भावाने मला दुर्बीण दिली, म्हणून त्यांच्या अंगावरचा मोर मला दिसला. मग सूर्यकिरणची हॉक विमानं आली. आधी नुसते ठिपके, आवाज नाही. आवाज पोचेपर्यंत ठिपके डोक्यावर. मी इतकी वर्षं फोटोंत पाहिलेला तो झळझळीत लाल शोधत होते आणि आकाशात मला काळ्या आकृत्या दिसत होत्या. समोर समुद्राची धुरकट झाक, ऊन डोळ्यांवर, त्यात लाल काय आणि निळा काय, सगळे रंग करडे होऊन जातात. फक्त विमानं कुशीवर वळली की एक क्षणभर पंखांच्या पाठीवर ऊन पडायचं आणि लाल पेटायचा. नऊ ठिकाणी, एकाच वेळी. सरळ झाली की पुन्हा विझायचा. त्या एका क्षणासाठी लोक ओरडत होते. मीही ओरडले. पण पंखांवरचे केशरी-पांढरे-हिरवे गोल मला त्या दिवशी दिसले का? नाही. दुर्बिणीतूनही नाही. त्या वेगाने जाणाऱ्या विमानावर दुर्बीण ठरतच नाही.

मग हे गोल, हे पट्टे, ही बारीक अक्षरं कोणासाठी असतात? हा प्रश्न त्या पेंटरने मला विचारला होता आणि मी त्याला एका शब्दात गप्प केलं होतं.

पहिलं उत्तर म्हणजे शेजाऱ्यासाठी. सूर्यकिरणची विमानं एकमेकांपासून पाच मीटरच्याही आत उडतात. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली दोन गाड्या लावताना होणारी घालमेल मी रोज बघते, म्हणून पाच मीटर म्हणजे काय हे मला नीट समजतं. इतक्या जवळून उडणारा वैमानिक क्षितिजाकडे बघत नाही. तो शेजारच्या विमानाच्या अंगावरचे दोन बिंदू मनात धरतो. पंखाचं टोक आणि धडावरची एखादी खूण एका रेषेत आली की तो आपल्या जागेवर. रेष मोडली की तो सरकला. उलटा झाला, गोल फिरला, वर चढला, तरी त्याचं जग तेवढंच असतं: लाल पत्रा, पांढरा पट्टा, रिवेटांची ओळ. आपण खालून ज्याला हिरा म्हणतो तो त्याला कधीच दिसत नाही. दुसरं उत्तर म्हणजे जमिनीवरच्या माणसांसाठी. छताजवळचा लाल त्रिकोण सांगतो की आत स्फोटकांवर चालणारी, वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची आहे, हात जपून लावा. हॉकच्या काचेच्या छतावर एक नागमोडी रेघ असते. तीही मला बरीच वर्षं नक्षी वाटायची. ती स्फोटक दोरी आहे. वैमानिक बाहेर फेकला जाण्याआधी ती काच फोडून वाट करून देते.

रंगाला वजन असतं, ही गोष्ट मात्र मला बाबांमुळे आधीपासून ठाऊक होती.

बाबा वागळे इस्टेटमध्ये पेंटर होते. यंत्रं, टाक्या, नळ रंगवायचे. आम्ही किसननगरात राहायचो आणि संध्याकाळी बाबा यायच्या आधी थिनरचा वास यायचा. रंगांची नावं मी आकड्यांत शिकले. सरकारी मानकात प्रत्येक छटेला क्रमांक असतो. पाचशे सदतीस म्हणजे सिग्नल रेड, पाचशे अडतीस म्हणजे पोस्ट ऑफिस रेड, पाचशे ब्याण्णव इंटरनॅशनल ऑरेंज. बाबा रस्त्यावरून जाताना गाड्यांचे, पाट्यांचे नंबर सांगायचे आणि मी चुकले की थांबून पुन्हा दाखवायचे. "डोळा मीटमीट करून बघ. अडतीसमध्ये काळा जास्त आहे." नळांचं वेगळंच शास्त्र होतं. पाण्याच्या नळाला समुद्री हिरवा, हवेच्या नळाला आकाशी, वायूच्या नळाला पिवळा. हलणाऱ्या भागावर रंग जाड बसला तर तो भाग जड होतो आणि यंत्र थरथरतं, हे त्यांनी मला एका जुन्या पंख्याच्या पात्यावर दाखवलं होतं. तिन्ही पाती सारखी रंगवायची, एकाला जास्त हात द्यायचा नाही. पुढे मी वाचलं की विमानाचंही तसंच असतं. पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या पट्ट्या नव्याने रंगवल्या की त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो, नाहीतर वेगात त्या फडफडू लागतात आणि विमान मोडू शकतं. ते वाचताना मला पंख्याचं पातं तळहातावर तोलणारे बाबा दिसले होते.

एकदा त्यांच्या हातून चूक झाली. दोन नळ एका भिंतीतून पलीकडे जात होते. अलीकडे डावा पाण्याचा, उजवा हवेचा. पलीकडे वाकून ते उलट झाले होते आणि बाबांनी डाव्याला डावा समजून रंग दिला. घरी आले, जेवले, झोपले. रात्री कधीतरी मला जाग आली तर ते शर्ट चढवत होते. आई म्हणत होती की सकाळी जा, आत्ता कोण बघणार आहे. ते म्हणाले, "बघणार कोणी नाही गं. पण उघडणार कोणीतरी." कारखान्याच्या रखवालदाराने त्यांना आत सोडलं नाही. ते पहाटेपर्यंत फाटकाबाहेर बसून राहिले आणि पहिल्या पाळीच्या माणसांबरोबर आत गेले. मी तेव्हा चौथीत होते. भिंतीपलीकडचे ते दोन नळ कसे दिसत असतील याची कल्पना मी कितीतरी दिवस करत होते.

विमानांचं वेड मला त्यांच्याकडूनच आलं. १९८२ साली हवाई दलाला पन्नास वर्षं झाली तेव्हा नऊ हंटर विमानांचा थंडरबोल्ट्स संघ उभा राहिला होता. त्याचा एक वर्तमानपत्री फोटो बाबांनी कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. काळा-पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा. त्यावरून ते रंग ओळखायचा प्रयत्न करायचे. "गडद आहे, पण काळा नाही. निळा असणार, आणि पट्टा पांढरा." ती विमानं खरोखरच निळी-पांढरी होती. १९९६ साली बिदरला किरण विमानांवर सूर्यकिरण सुरू झालं. मग वर्तमानपत्रात रंगीत फोटो आला, लाल-पांढरा, आणि तो त्यांनी जुन्या फोटोशेजारी लावला. २०११ मध्ये किरण विमानं प्रशिक्षणाला हवीत म्हणून संघ थांबवला गेला. २०१५ मध्ये हॉकवर तो परत उभा राहिला, तेव्हा बाबा नव्हते.

लढाऊ विमानाला दिसायचं नसतं. म्हणून ती करडी असतात, ढगाच्या रंगाची, धुरकट. कसरतींच्या विमानाला दिसायचं असतं, म्हणून ते लाल. पण एक गोष्ट दोघांच्याही अंगावर असते: तो गोल. तो कुठून आला हे शोधायला बसले तेव्हा एका जागी मी बराच वेळ थांबले. ब्रिटिश काळात आपल्या विमानांवर त्यांचाच गोल होता, बाहेर निळा, मध्ये पांढरा, आत लाल. दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर हा लाल ठिपका घातक ठरू लागला, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य होता. घाईत, उन्हात, वरून जाणाऱ्या विमानावर लाल दिसला की खालचा किंवा शेजारचा माणूस गोळी झाडणार. मग त्या भागातल्या विमानांवरचा लाल पुसून टाकला गेला आणि नुसत्या निळ्या-पांढऱ्या छटा उरल्या. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र आलं आणि प्रजासत्ताकाबरोबर १९५० साली केशरी, पांढरा, हिरवा. कुठल्या तरी धावपट्टीवर, बर्मेच्या उन्हात, ब्रश घेऊन एकेका विमानाचा लाल ठिपका पुसणारा एक माणूस असेलच ना? त्याचं नाव कुठेही नाही. त्याच्या हातच्या चार इंच रंगावर कोणाचा तरी जीव होता. म्हणजे लांबून कळतं. ज्याला कळायला हवं, त्याला लांबूनही कळतं, आणि चुकीचंही कळतं.

पण कोलशेत रस्त्यावरच्या भिंतीवर कोणाचा जीव होता? मी या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. कधी वाटायचं, बरोबर केलं, बाबांनीही हेच केलं असतं. कधी वाटायचं, बाबांनी स्वतःची चूक सुधारली होती. स्वतःची रात्र घालवली होती. मी दुसऱ्याची दुपार घालवली.

२०१९ ची बातमीही त्या दिवसांत पुन्हा आठवली. १९ फेब्रुवारी, बेंगळुरूजवळ येलहंका, एअरो इंडिया सुरू व्हायच्या आदल्या दिवशीचा सराव. सूर्यकिरणची दोन विमानं हवेत एकमेकांना लागली. दोन वैमानिक बाहेर पडून वाचले. विंग कमांडर साहिल गांधी गेले. तेव्हा मी टीव्हीसमोर बसून होते आणि मला सारखा तो पाच मीटरचा विचार येत होता, त्या शेजारच्या लाल पत्र्याचा, ज्याच्यावर नजर ठेवून ही माणसं उडतात. मरीन ड्राइव्हवर ओरडताना मला ते आठवलं नव्हतं. भिंतीवरची विमानं बघताना आठवलं, आणि ती मला जास्त जवळची वाटू लागली.

शेवटी एका रविवारी मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले. काम संपत आलं होतं. तो भिंतीच्या तळाशी तपकिरी पट्टा ओढत होता. मला ओळखून म्हणाला, "या ताई. आता काय उलटं झालं?" आणि मनापासून हसला. मी त्या दिवशीबद्दल बोलू लागले तर त्याने हात हलवला. चहा घेताना गाव विचारलं. लातूर जिल्हा, देवणी तालुका. मी कप खाली ठेवला. देवणीपलीकडे कर्नाटक लागतं आणि तिथून बिदर काही फार लांब नाही.

"मग तुम्ही सूर्यकिरण पाहिलं असेल."

"पाहिलं म्हणजे? आमच्या शिवारावरनंच जायची की. आम्ही तुरीत असायचो. आवाज यायच्या आधी गुरं माना वर करायची." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "वळली की लाल. सरळ झाली की कावळे."

मी मरीन ड्राइव्हवर एक तास उभी राहून जे पाहिलं होतं ते या माणसाने सात शब्दांत सांगितलं. सोसायटीने त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला होता, त्यात विमानं बाजूने होती, पंखांवरचे गोल नीट दिसत नव्हते. बाकी सगळं त्याने आठवणीतून काढलं होतं. नाकाचा उतार, पंखांचा मागे झुकलेला कोन, एकामागे एक बसलेली दोन डोकी. मी जवळ जाऊन पाहिलं. काळ्या छतांवर त्याने पांढऱ्या रंगाने उन्हाची एक तिरीप मारली होती, नऊही विमानांवर एकाच बाजूला, जशी दुपारी चार वाजता पडेल तशी. इतके दिवस रोज दहा मिनिटं मी हे बघत होते आणि मला ती तिरीप दिसली नव्हती. मला फक्त चूक दिसली होती.

"एक काम करा," तो म्हणाला. "रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभ्या राहा. आणि सांगा मला कोणतं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"सतरा केले मी. केशरी संपला होता."

मी रस्ता ओलांडला. मध्ये एक काँक्रीटचा मिक्सर गेला, दोन बस गेल्या, मग भिंत मोकळी झाली. मी डावीकडून एकेक पंख बघत आले. मग उजवीकडून. डोळे मीटमीट करून पाहिले, बाबांनी शिकवलं होतं तसे. लाल कळत होता, पांढरा कळत होता, हिऱ्याचा आकार छान बसला होता. गोल नुसते गोल होते. पलीकडे तो कमरेवर हात ठेवून वाट बघत होता. मी दोन्ही हात हलवून नाही म्हणून सांगितलं.

परत आले तेव्हा त्याने केशरीचा नवा डबा उघडला होता आणि काडीने ढवळत होता. शेवटून दुसरं विमान, वरचा पंख. मी गेला आठवडाभर रोज त्याच्यासमोरून गेले होते. त्याने जुन्या हिरव्यावर आधी पांढरा हात दिला, तो वाळेपर्यंत आम्ही उरलेला चहा संपवला. मग त्याने झाकण माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा. हलू देऊ नका." मी चार लिटरचं झाकण भिंतीला दाबून धरलं आणि त्याने भोवतीने पेन्सिल फिरवली. झाकणाच्या काठावर ओला रंग होता. माझ्या अंगठ्याच्या नखाशी तो केशरी बुधवारपर्यंत होता.